आगाऊ पट्टी आणि कान्हेरेकाकू

कान्हेरेकाकू एंटरचं बटण दाबण्याआधी दोन्ही हात वर करायच्या. खांद्याच्याही वर, पंजे उघडे. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं तेव्हा वाटलं, बाईंना शॉक बसला. मी खुर्ची ढकलून उठलेच. तर त्या हात तसेच वर ठेवून, नुसती मान माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "तू नवीन ना? शुभा? मराठी आहेस म्हणे. मग सांग बघू, कुणाकुणाला धरलंय मी?"

मी काय सांगणार, कपाळ! ओळख ना पाळख, आणि एकदम परीक्षा. त्यांच्या पडद्यावर एका मोठ्या शेडचा लोखंडी सांगाडा उभा होता आणि त्यातले काही बीम रंग बदलून चमकत होते. मी घाबरत घाबरत बोट दाखवलं, "हे समोरचे सगळे... आणि अय्या, तो मागचा खांब पण!"

"तेच. खांब नको होता मला. मागून गुपचूप येऊन बसलाय." हात पुन्हा माउसवर आले, खांब सुटला, हात परत वर गेले, परत एकदा डोळे फिरले, आणि मग कुठे एंटर दाबलं गेलं. "बस आता," त्या म्हणाल्या. "आणि आधी पाणी पी. चेहरा केवढासा झालाय तुझा."

आमचं ऑफिस भोपाळच्या अयोध्या नगरात, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर. काम असं की कुणाला गोदाम, कारखाना, पेट्रोल पंपाचं छत काहीही बांधायचं असलं की त्याचा सांगाडा आम्ही आधी कंप्युटरवर उभा करायचा. प्रत्येक बीम, प्रत्येक बोल्ट. मग त्यातून निघालेली ड्रॉइंगं वर्कशॉपला जातात आणि तिथे खरं लोखंड कापलं जातं. मालक सक्सेना सर. त्यांच्यासाठी काकू म्हणजे 'मैडम', आणि पाठ वळली की 'हैंड्सअप मैडम'. काकू आधी मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होत्या, त्यांचे मिस्टरही तिथलेच. मिस्टर गेले, त्या निवृत्त झाल्या, क्वार्टर सुटलं. पण पुण्याकडे परत न जाता भाड्याच्या घरात राहून त्यांनी इथे नोकरी धरली. "घरी बसले तर काळजी करायला फक्त मीच उरते," म्हणायच्या. "इथे निदान बीम तरी आहेत."

काळजीचा तर कारखानाच होता त्यांच्या पोटात. ऑफिस बंद करून जिना उतरलं की परत वर जाऊन पंखा बघायचा. डबा खाताना नाशिकच्या लेकीला फोन, "अनघा, गॅस बंद केलास ना?" अनघा ऑफिसात असली तरी हा प्रश्न चुकायचा नाही. मी हसायचे, पण खरं सांगू, मीही त्याच जातीची. मला त्यांच्या शेजारी बसून बरं वाटायचं ते त्यामुळेच. दोन भित्र्या बायका शेजारी बसल्या की भीती थोडी वाटून घेता येते.

मी नोकरीला लागले आणि थोड्याच दिवसांत आमच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. त्याआधी बीममध्ये काही बदलायचं तर त्यावर दोनदा क्लिक करायचं, एक मोठी खिडकी उघडायची, तिच्यात बदल करायचा आणि मग 'बदला' म्हणून वेगळं बटण दाबायचं. नव्या व्हर्जनात बीम धरला रे धरला की माउसच्या बाणाच्या शेजारीच एक छोटीशी पट्टी टपकन उगवायची. बीम केवढा जाड, कुठल्या पोलादाचा, रेषेच्या वर बसवायचा की खाली, सगळं त्या बोटभर पट्टीत. तिथेच बदला, एंटर मारा, झालं. मला तर हर्षवायू झाला. काकूंनी मात्र चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं, जणू मोठी माणसं बोलताना कुणीतरी मधेच तोंड घातलंय.

"कोण गं ही आगाऊ?"

तेव्हापासून ती 'आगाऊ पट्टी'. "आली बघ आगाऊ! बोलावलं कुणी हिला?" दिवसातून कितीदा ऐकायचे मी. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या पद्धतीत दार वाजवून आत जावं लागायचं, तेवढ्या वेळात माणूस विचार करायचा. ही विचाराला वेळच देत नाही. आणि पट्टीची दुसरी खोडी अशी की बीम एक धरलेला असो की पन्नास, ती दिसते तेवढीच. पन्नास धरलेत हे विसरून तुम्ही एकासाठी आकडा घातलात, की पन्नासही बदलले. धरलेल्या बीमांचे आकडे वेगवेगळे असले तर पट्टीतल्या चौकोनात आकड्याऐवजी 'व्हेरीज' असा शब्द येतो. काकू म्हणायच्या, "व्हेरीज म्हणजे घरात एकमत नाही. तिथे आपण आपलं घुसवलं की सगळ्यांची तोंडं बंद. शुभे, व्हेरीज दिसलं की हात वर. आणि नाही दिसलं तरी हात वर."

"काकू, चुकलं तर अनडू आहे ना."

"चुकलंय हे कळलं तर अनडू. पेन्सिलीनं काढायचो तेव्हा खोडलं तरी कागदावर वळ राहायचा. इथे वळच राहत नाही बाई. आपली चूक आपल्याच डोळ्यांना खरी वाटायला लागते." हे त्या गमतीत म्हणायच्या नाहीत. म्हणताना पदर बोटाला गुंडाळायच्या. "वर्कशॉपवाला आपल्या कागदाला हात जोडतो आणि कापतो. आपण चुकलो की त्याचं लोखंड होतं, आणि लोखंडाखालून माणसं जातात."

दुसरी त्यांची शिस्त भाषेची. आमचं घर मूळ नागपूरचं, आजोबा सरकारी दफ्तराबरोबर भोपाळला आले ते इथलेच झाले. आमची मराठी म्हणजे सगळी मिसळ. मी 'कोशिश करते' म्हणायचे, 'परेशान झाले' म्हणायचे, काकू सोडून द्यायच्या. पण एका शब्दावर त्या मला कधीच सोडायच्या नाहीत. मी म्हणायचे, "काकू, माझा डबा खाली झाला."

"कुठे पडला?"

"पडला नाही हो, खाली झाला. संपला."

"मग रिकामा म्हण. खाली म्हणजे जमिनीकडे. वर आणि खाली. तुमच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं असेल, मराठीत नाही."

"तुम्हाला समजलं ना? मग झालं तर!"

"मला समजतं गं, तीस वर्षं राहतेय इथे. पण मॉडेलमध्ये शिरलं की डोक्यात एकच भाषा पाहिजे. दोन असल्या की हात अडखळतो." आणि खरंच, पडद्यासमोर बसल्या की त्या पट्टीतले इंग्रजी शब्दसुद्धा मराठीतच वाचायच्या. बीम रेषेच्या कुठे बसवायचा त्याचे तीन पर्याय असतात. काकू पुटपुटायच्या, "वर... मध्ये... खाली." खोलीतल्या बाकी पोरांना तो मंत्र पाठ झाला होता. सक्सेना सरसुद्धा जाता जाता म्हणायचे, "क्या मैडम, वर, मध्ये, खाली?"

आता ती करोंदची गोष्ट. तिकडे मंडीच्या बाजूला एका शेठजींचं धान्याचं गोदाम व्हायचं होतं आणि त्याचं मॉडेल काकूंकडे होतं. गोदामाच्या गेटवर, बऱ्याच उंचीवर, दोन्ही खांबांना जोडणारे आडवे बीम होते. एका दुपारी साइटवरून तिवारीजींचा फोन आला. तिवारीजी तिथले इंजिनिअर, माणूस बरा, पण फोनवर बोलताना मागे कायम लोखंड घासायचा ग्राइंडर चालू. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला, नजर पडद्यावर.

"मैडम, वो गेट के ऊपर जो बीम हैं ना... घर्रर्र... वहाँ पूरा खाली रखना है. पूरा खाली."

"पूरा?"

"हाँ मैडम, पूरा. शेठजी की डिमांड है."

"बोर्ड लगानेका है क्या उधर?" काकूंची हिंदी अशी.

"बोर्ड? हाँ, बोर्ड तो लगेगा बाद में... घर्रर्र... आप बस खाली कर दो."

फोन बंद झाला. काकूंनी गेटवरचे बीम धरले. पट्टी उगवली. "आली आगाऊ." हात वर गेले. "शुभे, कुणाकुणाला धरलंय?" मी पाहिलं, गेटवरचे तेवढेच होते, एक जास्त नाही की कमी नाही. मी तसं सांगितलं. "वर... मध्ये... खाली," काकू म्हणाल्या, पट्टीत पर्याय 'खाली'चा केला, आकडा घालून बीम गेटच्या माथ्याच्या रेषेपर्यंत उतरवले आणि एंटर दाबलं. शेठजींना नावाचा बोर्ड रस्त्यावरून दिसायला हवा असेल, म्हणून बीम उतरवून मागताहेत, अशी त्यांची समजूत झाली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी तर तिकडे कान देऊन ऐकतही नव्हते. ड्रॉइंगं गेली, वर्कशॉपनं लोखंड कापलं, आणि आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

मग काही महिन्यांनी तो शनिवार आला. शनिवारी आम्हाला अर्धा दिवस. दुपारी अनघा नाशिकहून येणार होती, गाडी हबीबगंजला. स्टेशनचं नाव बदलून आता किती काळ झाला, पण आमच्या तोंडातून हबीबगंजच निघतं. काकू सकाळपासून अस्थिर. गाडी वेळेवर आहे ना, पोरीनं काही खाल्लं असेल ना, मी घरातून निघताना नळ बंद केला ना. मलाही त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून दोघी मिनीबसच्या स्टॉपवर उभ्या राहिलो. बस आली, दाराशी ही गर्दी. आत कंडक्टर लोकांना रेटत ओरडत होता, "चलो चलो, आगे बढ़ो! पीछे खाली है! पीछे पूरा खाली है!"

मी चढले. वळून पाहते तर काकू पायरीवर एक पाय ठेवून थिजलेल्या. मागची माणसं ओरडताहेत, "अरे आंटी, चढ़ो या उतरो!" काकूंनी माझा दंड असा पकडला की नखं रुतली.

"शुभे, तिवारी काय म्हणाला होता?"

"कुठला तिवारी? काकू, आधी चढा."

"करोंदचा. गेटवर पूरा खाली. पूरा खाली म्हणाला ना?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उतरवा नाही म्हणाला तो. काही ठेवू नका म्हणाला. काढून टाका म्हणाला."

आम्ही बस सोडली. स्टॉपवरच्या बाकावर मी त्यांना बसवलं. मी उगाच धीर देत होते, की काकू, त्याला उतरवलेलेच हवे असतील, त्यानं ड्रॉइंग पाहिलं असेलच की. त्या मान हलवत होत्या. "उंच ट्रक जायचे म्हणून काढायला सांगितले असणार गं. आणि मी उलट उतरवून ठेवले. पोत्यांवर माणसं बसतात, शुभे. मंडीतली माणसं ट्रकच्या आत नाही बसत, पोत्यांवर बसतात."

तिवारीजींना फोन लावला. स्विच्ड ऑफ. नंतर कळलं की ते भाचीच्या लग्नाला गावी गेले होते. सक्सेना सरांना लावला, तर ते आरामात. "अरे, मैडम को बोलो टेंशन न लें. सोमवार को देख लेंगे. वैसे आज तो वहाँ मुहूर्त है, पहला माल आ रहा है. मुझे भी बुलाया था, मैं ही नहीं गया."

आज पहिला माल येतोय, एवढंच मी काकूंना सांगितलं. त्या उठल्याच. समोरून जाणारी ऑटो त्यांनी रस्त्याच्या मध्ये जाऊन अडवली. एरवी रस्ता ओलांडायचा तर माझा हात धरणारी बाई!

करोंद काय जवळ आहे होय? सगळं शहर ओलांडून उत्तरेला जायचं. त्यात शनिवारची दुपार, कुठे वरात, कुठे खोदलेला रस्ता. काकू ऑटोत पुढे वाकून बसल्या होत्या. ऑटोवाल्याला सारखं, "भैया, जल्दी. भैया, उधर से लो ना." सरांकडून शेठजींचा नंबर घेऊन मी लावत राहिले, तो कुणी उचलेना. मधेच अनघाचा फोन आला की गाडी पोचतेय. "स्टेशनवरच बस. हलू नकोस," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ज्या लेकीसाठी सकाळपासून जीव वरखाली होत होता, तिला तेवढंच सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "धरलेले बरोबर होते ना गं? तू पाहिलेस ना?"

"पाहिले काकू. बरोबरच होते."

"हात पण वर केले होते मी."

"केले होते."

"मग शब्द कसा बघितला नाही मी?" मला इतकं भरून आलं की मी बाहेर बघायला लागले. देवाला म्हणत होते, ट्रक उशिरा येऊ दे, पंक्चर होऊ दे, काहीही होऊ दे. आणि दुसरीकडे हीपण धाकधूक, की काकूंचं आत्ताचं समजणंच चुकीचं असलं तर? शुभ कामात दोन बायका घुसून बीम काढा म्हणून ओरडणार, लोक वेड्यात काढतील.

गोदाम दिसलं तेव्हा वाजंत्री ऐकू येत होती. गेट झेंडूच्या माळांनी भरलेलं, आणि वरच्या बीमांवरून लाल कापड सोडलेलं, त्यावर मोठ्या अक्षरांत शुभ लाभ. कापडामागे लोखंड आहे हे खालून कुणालाही कळलं नसतं. बाहेर ट्रक उभा, गव्हाच्या पोत्यांनी वरपर्यंत रचलेला, आणि सगळ्यात वर चारपाच हम्माल माळा घालून, वऱ्हाडी असल्यासारखे खुशीत बसलेले. गुरुजींनी नारळ फोडला. शेठजींनी हात केला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

आमची ऑटो अजून थांबली नव्हती. काकू उतरल्या की पडल्या मला ठाऊक नाही. मी पैसे द्यायचं सोडून त्यांच्यामागे धावले. ट्रक चालायला लागला होता. काकू गेटच्या बरोबर मध्ये, ट्रकसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. खांद्याच्या वर, पंजे उघडे, जसे रोज एंटरच्या आधी करायच्या तसेच.

ड्रायव्हरनं हॉर्नवर हात दाबून धरला. काकू हलल्या नाहीत. ब्रेक लागला, वरची माणसं एकमेकांवर पडली, वाजंत्री बंद. शेठजी लाल होऊन ओरडले, "अरे कौन है ये? शुभ काम में!"

काकूंना काही ऐकू येत नव्हतं. त्या मान वर करून हम्मालांना हाका मारत होत्या आणि घाबरल्या की त्यांची होती नव्हती ती हिंदी पळून जायची. "खाली! अहो, सगळे खाली! खाली!"

वरून एक हम्माल हसत म्हणाला, "खाली कहाँ अम्मा? पूरी भरी है!"

काकूंचे हात वरच राहिले. काय वाटलं असेल त्यांना त्या क्षणी, मला आजही विचार करवत नाही. मीच मग घसा फुटेस्तोवर ओरडले, "नीचे! भैया, नीचे उतरो सब! ऊपर लोहा है!"

हम्माल कुरकुरत उतरले. काकू त्यांच्यापाशी जाऊन विचारत होत्या, "ऊपर कौन-कौन था? सब उतरे? कोई सोया तो नहीं ऊपर?" एकेकाचं तोंड पाहिल्याशिवाय त्यांनी ट्रकला हलू दिलं नाही. मग साइटच्या सुपरवायझरनं ते लाल कापड बाजूला केलं आणि ट्रक अगदी हळू आत घ्यायला लावला. पोती बीमांखालून गेली, मध्ये कशीबशी वीतभर जागा राहिली. पोती गेली, पण पोत्यांवर बसलेल्या माणसाचं काय झालं असतं, ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसलं. मघाशी हसलेला हम्माल गळ्यातली माळ काढून हातात घेऊन उभा होता. शेठजी हळूच म्हणाले, "मैंने तो तिवारी को बोला था, यहाँ कुछ नहीं चाहिए."

"गलती मेरी है," काकू म्हणाल्या. "उन्होंने बराबर बोला था."

मी मध्ये पडून सांगायला लागले की फोनवर आवाज नीट नव्हता, ग्राइंडर होता, ड्रॉइंग पुढेही कुणी तपासायला हवं होतं. आणि ते काही खोटं नव्हतं. काकूंनी मला हातानं गप्प केलं. बीम काढून टाकेपर्यंत पोत्यांवर कुणी बसून आत येणार नाही असं त्यांनी शेठजींकडून वदवून घेतलं, आणि मगच आम्ही स्टेशनला गेलो. अनघा बॅगेवर बसलेली होती. आईला पाहून ती रागावणार होती, पण आईचा चेहरा बघून तिनं नुसती पाण्याची बाटली पुढे केली.

सोमवारी सक्सेना सरांनी फार काही केलं नाही. "होता है मैडम, बच गए ना सब." बीम काढले गेले. तिवारीजींनी तर फोनवर माफीच मागितली. ऑफिसातली पोरं काकूंना हीरोइन म्हणायला लागली. सगळं मिटलं होतं, काकूंचं मिटलं नव्हतं. त्या पूर्वीसारख्याच वेळेवर यायच्या, बीम धरायच्या, पट्टी उगवायची, हात वर जायचे. फक्त ते आता खाली येईनात. पट्टी बाणाशेजारी तशीच उभी, काकू तशाच हात वर करून बसलेल्या. मी म्हणायचे, "काकू, बरोबर आहे सगळं. मी पाहिलं. दाबा."

"तू दाब ना गं," त्या म्हणायच्या. आणि पट्टीला आगाऊ म्हणणंही त्यांनी बंद केलं होतं. ते मला जास्त लागायचं. मी मुद्दाम म्हणून बघायचे, "आली हो काकू आगाऊ!" त्या नुसत्या कसनुसं हसायच्या. एकदा जेवताना मी सवयीनं म्हणून गेले, "माझा डबा खाली झाला," आणि जीभ चावली. वाटलं, आता टोकतील. टोकलं असतं तर मी त्यांच्या गळ्यात पडले असते. पण त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्या डब्यात घातली.

पावसाळा संपता संपता त्यांनी नोकरी सोडली. अनघा कधीची मागे लागली होती नाशिकला चला म्हणून. "तिथे तिचा गॅस मी स्वतःच बघीन," काकू म्हणाल्या. आम्हाला हसू यावं म्हणून म्हणाल्या आणि आम्ही हसलोही.

जाण्याच्या दिवशी मी स्टेशनवर गेले. सामान फार नव्हतं, मोठं सगळं आधीच पाठवलेलं. अनघा आत जाऊन बर्थ बघत होती. आम्ही दोघी प्लॅटफॉर्मवर. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घरमालकाला किल्ली दिली?"

"दिली की. सकाळीच घर खाली केलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. शब्द चुकून गेला असेल, आता दुरुस्त करतील म्हणून मी थांबले. त्यांनी केला नाही. मीच हळूच म्हटलं, "काकू, रिकामं."

"नाही गं," त्या म्हणाल्या. "रिकामं म्हटलं की नुसती भांडीकुंडी गेल्यासारखं वाटतं. आज कुलूप लावताना हा तुमचाच शब्द आला तोंडात. तीस वर्षं टोकलं तुम्हा लोकांना, आणि बघ." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मला तिथेच रडू फुटलं. आजूबाजूचे हमाल, प्रवासी बघताहेत आणि मी बाई लहान पोरीसारखी मुसमुसतेय. त्याच मला म्हणाल्या, "पाणी पी आधी. चेहरा केवढासा झालाय."

गाडी सुटायच्या आधी त्या आत जाऊन खिडकीशी बसल्या. एसीचा डबा, काच बंद, आवाज काही ऐकू येईना. गाडी हलली तशी मी हात हलवला. काकूंनी हलवला नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले, खांद्याच्या वर, पंजे उघडे, आणि ओठ हलवले. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण त्यांचा तो प्रश्न वाचायला मला ऐकू यायची काय गरज होती? मी काचेच्या बरोबरीनं चालत, मग धावत, ओरडून उत्तर दिलं, "मला, काकू! मला धरलंय तुम्ही!"

त्यांनी मान हलवली, आणि मग हात खाली घेतले.